पहिल्या सोमवारची बाटली

"निळं ना वं?"

दार ढकलून आत यायचं, काखेतली पिशवी टेबलावर ठेवायची, तिच्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढायची, ती खिडकीकडे धरून एक डोळा मिटून पाहायची, आणि मी अजून हातही पुढे केलेला नसताना विचारायचं, "निळं ना वं?" महिन्याचा पहिला सोमवार, सकाळचे साडेआठ. बर्डीवर मोर्चा असो की मे महिन्याची लू सुटलेली असो, काकाजी हजर.

"काकाजी, अजून बूच नाही उघडलं मी."

"उघड नं मंग. कोणी रोखलं तुले?"

मी तेव्हा नागपूरच्या बाजारपेठेत, बर्डीवर, एका खाजगी लॅबमध्ये टेक्निशियन होते. लॅब म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. खाली मिठाईचं दुकान, मध्ये दातांचा दवाखाना, वर आम्ही. आमचे डॉक्टरसाहेब म्हणायचे, ही इमारत कोणीतरी फार विचार करून बांधली आहे. माणसानं खाली जिलबी खावी, मध्ये दात काढावा आणि वर येऊन साखर तपासावी.

आता तर घरोघरी यंत्रं आली, बोटाला टोचलं की आकडा दिसतो. तेव्हा लघवीतली साखर पाहायची म्हणजे काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब सोडायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, आणि विटेसारखं लाल झालं तर डॉक्टरसाहेबांना हाक मारायची. काकाजींचं कायम निळं. असं निळं की आमच्या औषधालाच वाटत असावं, ह्या माणसाची लघवी पडलीच नाही.

निळं दिसलं की ते टाळी वाजवायचे. मग जिना उतरून खालच्या दुकानातून पावभर जिलबी आणायचे आणि बाकावर बसलेल्या आपल्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, हातात पुडा द्यायचे. "खाय वं, निळं आलं." साखर नाही म्हणून जिलबी. हे मी दर महिन्याला पाहत होते आणि दर महिन्याला हसत होते. तुम्हीही हसला असता.

काकाजी एका सरकारी कचेरीत रेकॉर्डकीपर होते. मूळचे उमरेडकडचे, पण उभा जन्म नागपुरात गेलेला. रिटायर झाल्यावर त्यांनी हुडकेश्वरला दोन खोल्या बांधल्या. तेव्हा हुडकेश्वर म्हणजे वावरं आणि बाभळी; लोक म्हणत, काकाजींनी शहर सोडलं. शहर सोडलं असेल, कचेरी मात्र सोडली नव्हती. एक जाडजूड फाइल, लाल फितीनं बांधलेली, बाटलीबरोबर पिशवीतून यायची. तिच्यात आमचे सगळे रिपोर्ट तारीखवार, भोकं पाडून ओवलेले. पहिल्या पानावर अनुक्रमणिका.

"काकाजी, एवढं कशासाठी जपता?"

"अवं, माणूस झूठ बोलते, कागद नाही बोलत. उद्या कोणी म्हणलं, तुमी बिमार आहा, तं दाखवाले काही पाहिजे का नाही?"

"पण तुम्हाला बिमार म्हणतंय कोण?"

"कोणीच नाही. कागद आहे नं म्हणून."

पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. काकाजींच्या मते वर्षातून एकदा फारच कमी होतं. ते दर महिन्याला आमच्याकडून हयातीचा दाखला घेऊन जात.

आमच्या भिंतीवर तपासण्यांची यादी टांगलेली होती. इतर पेशंट ती पाहून घाबरायचे. काकाजींनी एक दिवस चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली, खिशातून कागद काढून उतरवून घेतली, आणि पुढच्या महिन्यापासून साखरेच्या जोडीला अनुक्रमांकानुसार एकेक तपासणी सुरू केली. एक नंबर, रक्तातलं हिमोग्लोबिन. दोन नंबर, पांढऱ्या पेशी. तीन नंबर, रक्तगट. कुठल्याही डॉक्टरनं लिहून दिलेलं नाही, अंगात ताप नाही, पोटात दुखत नाही. फक्त यादीत आहे म्हणून. आणि गंमत पाहा, ज्यांना खरी गरज असायची ती माणसं मात्र आमचा जिना चढायला तयार नसत. काटोलचे एक संत्र्याचे व्यापारी होते. त्यांना खोकून खोकून उभं राहवत नव्हतं, डॉक्टरांनी तीनदा थुंकी तपासायला लिहून दिलं, आणि तिन्ही वेळा ते दातांच्या दवाखान्यापर्यंत येऊन परत गेले. "काही निघालं तर?" म्हणायचे. काकाजींचं उलट. काही निघत नाही म्हणूनच ते यायचे.

अकराव्या नंबरला घोटाळा झाला. अकरावी तपासणी म्हणजे बाई गरोदर आहे की नाही, ती. तेव्हा ही तपासणी बेडकावर व्हायची. मागच्या खोलीत लाकडी खोक्यात, ओल्या पोत्याखाली आम्ही सहा-सात बेडूक पाळले होते. बाईची लघवी बेडकाला टोचायची आणि काही तासांनी त्याच्यात काय फरक पडतो ते पाहायचं. काकाजींनी एकदा त्या खोक्यात डोकावून मला हळूच विचारलं होतं, "ह्यायले काय झालं वं? कोण भरती केलं?"

तर दहावी तपासणी झाली आणि पुढच्या महिन्याच्या सोमवारी मी सरळ बारावी धरली. काकाजींनी यादीवर बोट ठेवलं.

"अकरा काहून सुटलं?"

"काकाजी, ते तुमच्यासाठी नाही."

"काहून नाही? मी काय परका आहो?"

"अहो, ते बायकांचं असतं! दिवस गेलेत का ते पाहायचं!"

काकू बाकावर पदर तोंडाला लावून हलायला लागल्या. काकाजींनी यादीवरचं बोट न काढता एकदा काकूंकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते समजलं. पण रेकॉर्डात जागा खाली राहीन नं. उद्या कोणी पाह्यलं तं म्हणन, अकरा नंबरचा कागद दाबला."

शेवटी डॉक्टरसाहेब बाहेर आले. त्यांनी लॅबच्या छापील कागदावर काकाजींचं नाव लिहिलं, खाली 'तपासणी क्रमांक अकरा: लागू नाही' असं लिहून सही केली, शिक्का मारला. काकाजींनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि फाइलला लावला. इतका समाधानी पेशंट मी नंतर पाहिला नाही.

काकूंबद्दल सांगायचं राहिलंच. आमच्या सगळ्यांचं त्यांच्याबद्दल राहायचंच, हाच तर घोळ होता. काकाजींबरोबर त्या दर वेळी यायच्या, कारण नंतर बर्डीवर भाजी घ्यायची असायची. बाकाच्या टोकाला, माठाशेजारी त्यांची जागा. एक ग्लास पाणी घ्यायच्या, मग दुसरा, मग तिसरा. काकाजींचा रिपोर्ट होईपर्यंत आमचा अर्धा माठ खाली व्हायचा. "काय बाप्पा तुमचं नागपूरचं ऊन," असं त्या डिसेंबरातही म्हणायच्या, आणि मी हसून माठ भरायचे. लॅबमध्ये बसून, पगार घेऊन, मी माठ भरत होते! आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

एकदा मी सहज म्हणाले होते, "काकू, एवढं येता तर तुमचंही तपासून घ्या ना."

"मले कायले वं? मले काय पेन्शन आहे, दाखला द्याले?"

"तिले काय होते?" काकाजी मध्येच म्हणाले. "आमची बुढी ठणठणीत आहे. तिचा कागद कायले पाहिजे? दिसून राहिली नं समोर."

दोघंही हसले, मीही हसले. आणि काकूंनी ग्लास पुन्हा माठात बुडवला.

ह्याच सुमाराचा एक तमाशा सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे बिघडलं. एका सोमवारी काकाजींची नळी दिव्यावर धरली आणि ती निळ्याची हिरवी, हिरव्याची पिवळी आणि बघता बघता लाल झाली. काकाजी मटकन बाकावर बसले. "बुढे, मी चाललो." त्या माणसानं पुढचे आठ दिवस घरात कारल्याशिवाय भाजी होऊ दिली नाही. हुडकेश्वरच्या शेजाऱ्यांना बोलावून निरोप घेतला. एकाला आपली सायकल देऊन टाकली. आठ दिवसांनी पुन्हा तपासलं तर निळं! खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, आधीची बाटली मधाची होती. बुडाशी मध राहिलेला.

"साखर ह्यायले झाली आणि कारलं मले खा लागलं," काकू म्हणाल्या. सायकल परत आणायला काकाजींना तीन दिवस लागले, कारण शेजाऱ्यानं तिला नवी घंटी लावली होती.

त्या दिवसापासून काकाजी दारात दिसले की मी आधी विचारायचे, "बाटली धुतली का?" आख्ख्या लॅबची ती थट्टा झाली. डॉक्टरसाहेबही म्हणायचे, खालचा मिठाईवालाही म्हणायचा.

आणि मग तो सोमवार आला.

काकाजी एकटेच आले. काकू कुठे म्हटलं तर म्हणाले, "पाय दुखून राहिला तिचा. चप्पल चावली." बाटली त्यांनी टेबलावर ठेवली, पण खिडकीकडे धरली नाही. निळं ना, असंही विचारलं नाही. दाराजवळ उभे राहिले, शाळेत छडी खायला उभं राहतात तसे. मी नळी दिव्यावर धरली. लाल. पहिल्या उकळीलाच लाल.

"काकाजी! पुन्हा मध?"

"नाही वं... बुढीनं धुतली होती."

"धुतली कसली! बघा हा रंग. मी रिपोर्ट नाही देत असला. चांगली उकळत्या पाण्यानं धुवा आणि परत घेऊन या."

असं म्हणून मी ती नळी मोरीत ओतली. लाल नळी, हातात आलेली, मी मोरीत ओतली. एरवी काकाजी कागदाशिवाय जिना उतरत नसत. त्या दिवशी "हाव, असीन तसं," एवढंच म्हणाले आणि फाइल काखेत मारून निघून गेले. दुपारी खालचा मिठाईवाला मला म्हणाला, "बाई, काकाजी आज जिलबी न घेताच गेले?" तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

गुरुवारी काकाजी आले. सोमवार सोडून दुसऱ्या वारी हा माणूस मी आयुष्यात प्रथमच पाहिला. पिशवीतून त्यांनी दोन बाटल्या काढल्या. दोन्ही लखलखीत धुतलेल्या, दोन्हींवर कागदाची चिठ्ठी डकवलेली. एकीवर 'परिशिष्ट अ', दुसरीवर 'परिशिष्ट ब'.

"हे काय आणखी?"

"तपास नं वं. विचारू नको."

मी 'अ' उकळलं. निळं. 'ब' उकळलं. लाल.

"काकाजी, दोन्ही तुमच्याच?"

"एकाच घरच्या आहेत."

"एकाच घरच्या म्हणजे? कोणाच्या?"

काकाजींनी टोपी काढली. ते बाकावर बसले, काकूंच्या जागेवर, माठाशेजारी. मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुम्हाला त्यांच्याच शब्दांत सांगते, नाहीतर तुमचा विश्वास बसायचा नाही.

"त्या सोमवारी मी पहाटे उठलो आणि सवयीनं वावरात जाऊन आलो. मंग याद आली, आज बाटली न्यायची आहे. आता तूच सांगतलं होतं नं, पहाटची पहिलीच पाहिजे. माह्यी पहिली तं गेली वावरात. दुसरी चालत नाही. सोमवार खंडला तं रेकॉर्ड खंडते. मंग मी बुढीले म्हणलं, तुह्यी पहिली दे. ती म्हणे, अवं माय, असं चालते का? मी म्हणलं, चालते. कचेरीत साहेब रजेवर असला की हेडक्लार्क सही नाही करत का, साहेबाच्या नावावर? खाली 'करिता' लिहिलं की झालं. तशी तू माह्याकरिता दे. चाळीस वर्सं झाले, एकाच चुलीवरचं खातो, एकाच माठातलं पितो. फरक काय पडणार आहे?"

हसू आलं होतं, खरंच आलं होतं. पण समोर 'ब'ची लाल नळी होती.

"सोमवारी लाल पाह्यलं, आन् तू म्हणलं बाटली धुतली नाही. मले वाटलं, देवा, तसंच असू दे. पण बाटली मीच धुतली होती बाई. तुह्यासमोर बुढीचं नाव घेतलं, झूठ बोललो. तीन दिवस झोप नाही. आज पुन्हा तिच्याकडून घेतली. ब तिची आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माह्यी फाइल एवढी जाडी झाली, आन् तिच्या नावाचा एक कागद नाही घरात. लाल तिचं आहे वं. सारं लाल तिचं आहे."

आणि हा म्हातारा लहान मुलासारखा रडला. मी त्याला पाणी दिलं, त्याच माठातलं, आणि माठाकडे पाहिल्यावर मला एकेक आठवायला लागलं. तीन तीन ग्लास. डिसेंबरातलं ऊन. चावलेली चप्पल. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि मी बाटल्या धुवायला सांगत बसले होते.

"काकाजी, त्यांना आत्ताच्या आत्ता घेऊन या. रक्त पाहायला हवं. आणि पायही."

"ती नाही येत. कालच म्हणून पाह्यलं. म्हणते, सुई तुमाले आवडते, मले नाही."

शुक्रवारी सकाळी साडेआठला काकू हजर होत्या. लंगडत जिना चढल्या, पण चढल्या. हे कसं जमलं म्हणून मी विचारलं, तर काकूच बोलल्या.

"रात्रभर बसून माह्या नावाची फाइल बनवली ह्यायनं. लाल फीत काय, अनुक्रमणिका काय. सकाळी समोर ठेवली आन् म्हणे, आता फाइल उघडली, खाली ठेवता येत नाही. चाळीस वर्सं कारकुनाच्या घरात काढले बाई, उघडलेली फाइल खाली राहिली तं हा माणूस जेवत नाही, मले माहीत आहे."

मी त्यांच्या दंडाला रबरी नळी बांधली. काकाजी माझ्या मागे उभे. स्वतःच्या हातात पन्नासदा सुई टोचून घेतलेला हा वीर, दर वेळी मला "आणखी थोडं घे, संकोच नको करू," म्हणणारा. माझी सुई काकूंच्या दंडात शिरली आणि मागे धप्प असा आवाज आला. काकाजी आडवे झाले होते.

"पाणी मारा वं त्यायच्या तोंडावर," काकू म्हणाल्या. सुई दंडात, हात टेबलावर, आणि जरासुद्धा न हलता. "माह्यं चालू द्या. मी नाही पळत."

रक्तातली साखर किती होती ते सांगत नाही. डॉक्टरसाहेबांनी मला तपासणी पुन्हा करायला लावली, एवढंच सांगते. मग त्यांनी काकूंच्या पायाची पट्टी सोडली. करंगळी हळदीनं पिवळी होती आणि हळदीच्या खाली काळी. काकू त्यावर महिनाभर हळद बांधत होत्या आणि चप्पल चावली म्हणत होत्या. डॉक्टरसाहेबांनी तिथूनच मोठ्या इस्पितळात चिठ्ठी दिली. जिन्यात ते मला म्हणाले, "आणखी पंधरा दिवस गेले असते तर पाय गेला असता. कदाचित बाईही." मी मोरीत ओतलेली नळी त्यांना सांगितली. ते पुढे होऊन जिना उतरत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

करंगळी गेली, पाय वाचला. मी इस्पितळात भेटायला गेले तर काकाजी स्टुलावर बसून काकूंची फाइल ओवत होते, आणि काकू नर्सला सांगत होत्या, "नऊ पुष्कळ आहेत मले. मोजाले कोण येते?"

काकू घरी आल्यावर काकाजींची स्वारी माझ्याकडे शिकायला आली. स्पिरिटचा दिवा, नळ्या, निळं औषध, सगळं त्यांनी हुडकेश्वरला नेलं. काचेची पिचकारी उकळून काकूंना रोज इन्सुलिन टोचायला लागले. पहिले चार दिवस डोळे मिटून टोचायचे, असं काकूंनीच मला सांगितलं. रोज सकाळी नळी उकळायची आणि वहीत रंग लिहायचा. रकाने आखलेले: तारीख, वार, रंग, शेरा. 'हिरवा.' 'हिरवा, किंचित पिवळ्याकडे.' 'पिवळा. काल नातीच्या वाढदिवसाला गेलो होतो. चूक माझी.'

पहिल्या सोमवारी दोघं यायचे, पण आता बाटली एकच, काकूंची. जिलबी बंद झाली. काकाजी खाली चौकातून फुटाण्याची पुडी आणायचे आणि मिठाईवाल्याच्या दुकानासमोरून जाताना तोंड फिरवायचे.

"काकाजी, तुमची बाटली?"

"लागू नाही."

"अहो, वर्ष झालं. एकदा बघू या ना?"

"माह्यं काय पाहायचं? माह्यं तं निळंच आहे. तिचं पाहा." मग खिडकीकडे काकूंची नळी धरून, एक डोळा मिटून, "निळं ना वं?"

"हिरवं आहे, काकाजी. चांगलं हिरवं आहे."

"हिरवं भी ठीक आहे. येईन एक दिवस निळं."

ह्यात सहा वर्षं गेली. पूर्वी नको तेवढं तपासून घेणारा हा माणूस आता स्वतःचं ब्लडप्रेशरसुद्धा पाहू द्यायचा नाही. डॉक्टरसाहेब रागवायचे, मी भांडायचे. उपयोग शून्य. काकाजींना एका वेळी एकच फाइल सांभाळता येत होती, आणि त्यांनी ती निवडली होती.

गेले ते एका दुपारी, जेवण करून, खाटेवर टेकले असताना. हृदय थांबलं, असं घरचे म्हणाले. आमच्या भिंतीवरच्या यादीत त्याची तपासणी नव्हतीच, अकरा नंबरपर्यंत नाही की पुढेही नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

नंतरचा पहिला सोमवार. काकू येणार नाहीत असं मी धरून चालले होते. काकाजी जाऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. साडेआठला दार ढकललं गेलं. नातेवाईकांपैकी कोणी पायरीवर सोडून गेलं असावं. काकू आत एकट्याच आल्या. काखेत पिशवी. टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली ठेवली आणि तिच्याशेजारी काकाजींची जुनी जाडी फाइल.

मी नळी दिव्यावर धरली. उकळी आली, रंग हलला नाही. मी आणखी उकळलं. निळं. स्वच्छ निळं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"निळं ना वं?" काकूंनी विचारलं.

"निळं आहे, काकू." आणि मग मला कळलं ते कशामुळे. चेहरा अर्धा झालेला. "काकू, तुम्ही जेवताय का नाही? इन्सुलिन घेता आणि जेवत नाही? जीव जाईल अशानं!"

"जात नाही वं तरी. कोणाले करमते एकटीले जेवण करून?"

मी डॉक्टरसाहेबांना हाक मारली. त्यांनी इन्सुलिनचा डोस कमी केला, भरपूर बोलणी खाऊ घातली, आणि मी माझा डबा उघडून पोळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली, वर एक ग्लास पाणी प्यायल्या. एकच ग्लास. मग फाइलची लाल फीत सोडली आणि शेवटचं पान काढलं.

"ह्यात एक कागद लाव वं. सहा वर्सांपासून खंडलं आहे ह्यायचं रेकॉर्ड. मी होती म्हणून खंडलं."

"कोणता कागद लावू, काकू?"

"आज निळं आलं नं? तं त्यायच्या नावावर लिही."

"काकू, असं कसं लिहू? रिपोर्ट आहे तो. तुमचा आहे."

"चालते," काकू म्हणाल्या. "एकाच चुलीवरचं आहे."

मी डॉक्टरसाहेबांकडे पाहिलं. ते नियमाचे मोठे पक्के; एक टिंब चुकलं तर रिपोर्ट फाडायला लावायचे. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि काहीतरी शोधत असल्यासारखे खिसे चाचपत राहिले. काकूंच्या फाइलसाठी मी खरा कागद आधी वेगळा करून ठेवला. मग दुसरा छापील कागद घेतला, त्यावर काकाजींचं पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली, आणि खाली लिहिलं, 'साखर: नाही.' सहीची जागा मोकळी ठेवून पेन काकूंच्या हातात दिलं.

काकूंना लिहायची सवय नव्हती. पेन घट्ट धरून, जीभ दातांत दाबून त्यांनी एकेक अक्षर काढलं. आधी आपलं नाव. मग थांबल्या, काकाजींचं नाव कुठे आहे ते बोटानं पाहिलं, आणि आपल्या नावाखाली लिहिलं, 'करिता'.